न थांबता एक फेरी

“आता तरी सांगा सर, माझ्या गाडीत कमी काय आहे?”

“गाडीत काही नाही. रस्ताच कमी पडतोय.”

शर्वाणी खळखळून हसली. धारप सरांनी तिला यंत्राची अक्षरओळख करून दिली, हे खरं. पण निवृत्त झाले तरी खोड काढायची सवय काही जात नव्हती त्यांची.

“रस्ता? अहो सर, सकाळीच झाडून घेतलाय मी. कुत्री बांधलीत, सायकली दुसरीकडून वळवल्यात. चिटपाखरू यायचं नाही मध्ये!”

“तेच म्हणतोय मी...”

पण ऐकते कोण? आज विद्यापीठाच्या आवारात तिचा दिवस होता. विजेवर चालणारी, चालकाशिवाय धावणारी गाडी! रात्रीचा दिवस करून तिनं आणि तिच्या सोबत्यांनी ती उभी केली होती. परीक्षक येऊन बसले होते. कुठेही न थांबता एक फेरी पुरी झाली, की गाडी थेट देशपातळीवरच्या स्पर्धेला. थांबली, की खेळ खलास.

गाडी निघाली.

आत माणूस नाही, आणि स्टिअरिंग बघा कसं आपसूक वळतंय! पोरांनी शिट्ट्यांनी आवार डोक्यावर घेतलं. शर्वाणीला तर स्वर्ग दोन बोटं उरला. माझी गाडी आहे ही, माझी, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं तिला.

तेवढ्यात पुढच्या वळणापाशी धारप सर रस्त्यात उतरले. मधोमध बसले. एक चप्पल काढली आणि तिच्यातला खडा झाडू लागले... सावकाश, घरच्या ओट्यावर बसल्यासारखे.

गाडी वळणावर आली. शिट्ट्या थांबल्या.

सरांपासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली. अगदी अलगद.

शर्वाणीनं आधी परीक्षकांकडे पाहिलं. त्यातले एक घड्याळ बघत होते. ती धावतच सुटली.

“सर, हे काय केलंत? सगळ्यावर पाणी फिरवलंत! उठा ना!”

सर उठले नाहीत. त्यांनी गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला. चेहऱ्यावर कौतुक नुसतं ओसंडत होतं.

“शाब्बास गं पोरी,” ते गाडीला म्हणाले.

“तिला कसली शाब्बासकी देताय? बनवली मी तिला! थांबायलासुद्धा मीच शिकवलंय!”

“हो?”

“हो! पण आज नव्हतं थांबायचं... सर, पाया पडते तुमच्या, उठा लवकर. परीक्षकांना विनवून पुन्हा एक फेरी मागते.”

सरांनी चप्पल पायात घातली. मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“ही मला ओळखत नाही, तरी थांबली. तू ओळखतेस... आणि ‘उठा’ म्हणतेस.”