बिनकाठाची टोपली

बसा पोरांनो, मोठ्यांनीही बसावं. फार वर्षांपूर्वी, ओहळवाडीला रस्तासुद्धा नव्हता तेव्हा, एक ताप आला आणि घरोघर फिरला. कित्येकांना घेऊन गेला. जे वाचले त्यांचा ताप उतरला, पण अंगातलं बळ काही परत येईना. आज उठून बसावं, उद्या पुन्हा आडवं.

घरचे विचारायचे, "बरं वाटतंय ना?" तो बिचारा म्हणायचा, "बरंय." मग त्याला कामाला जुंपायचे. अशी दोघं-तिघं शेतात पडली, ती उठलीच नाहीत. वाडी धास्तावली. बरं झालेलं माणूस ओळखायचं कसं?

वाडीत कोंडाई बुरडीण होती. तिनं प्रत्येक आजाऱ्याला टोपलीचं बूड विणून दिलं, शेजारी बांबूच्या कामट्या ठेवल्या. "रोज जमेल तेवढं विणा. बळ असेल त्या दिवशी वीण घट्ट येईल, नसेल त्या दिवशी ढिली. रोज घट्ट यायला लागल्याशिवाय काठ बांधू नका. काठ बांधला की समजायचं, माणूस बरं झालं."

आनशी म्हातारीची सून हौसा अशीच पडून होती. "पाऊस संपला, हिचं सोंग संपेना," सासू म्हणायची. भात पिकून झडायला लागलं. वीण अजून ढिलीच होती, तरी आनशीनं गुपचूप काठ बांधला. "बघ, कोंडाई बांधून गेली. ऊठ आता." हौसा विळा घेऊन निघाली.

असं म्हणतात, दुपारी ती टोपली कण्हायला लागली आणि कुणी हात न लावता काठ तट्‌कन सुटला. म्हातारी अनवाणी धावली. हौसा बांधावर पडलेली, ओठ पांढरे.

"डोळे उघड गं बाय! झडू दे ते भात!"

आनशीनं तिला पाठीवर घरी आणलं. कोंडाई रागावली नाही. सुटलेल्या कामट्या पाण्यात भिजत घातल्या आणि म्हणाली, "पुन्हा बघू."

हौसा वाचली. पण वर्षभर आनशी रोज सकाळी त्या विणीवरून बोट फिरवायची. मग एक दिवस हौसानं आपल्या हातानं काठ बांधला. असं म्हणतात, त्या टोपलीत पाणीसुद्धा ठरलं.

ओहळवाडीत अजूनही कुणी दुखण्यातून उठलं की दारावर बिनकाठाची टोपली टांगतात, कोंडाईच्या नावानं. "बरंय ना?" असं कुणी विचारत नाही. येणारा आधी वीण चाचपतो, मग हळू आवाजात बोलतो. काठ मात्र ज्याचा त्यानंच बांधायचा.

काही टोपल्यांना काठ कधी लागलाच नाही. त्याही कुणी उतरवलेल्या नाहीत.