पडवीतलं पान

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांची नावंसुद्धा अजून ठरायची होती. एका ओढ्याकाठच्या गावात एक शास्त्रीबुवा राहत होते. बुवा इतके कर्मठ, की त्यांच्या घरात शिंकसुद्धा आंघोळ करूनच यायची. घरात म्हातारे वडील, बायको, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. ही गोष्ट त्या धाकटीची. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही. त्यांना तर जास्तच गरज असते.

बुवांनी कधी कुणावर हात उचलला नाही. त्यांची तऱ्हा वेगळी होती. ज्याच्या हातून चूक होईल, त्याचं जेवणाचं पान मागच्या पडवीत मांडलं जायचं. तिथं एकट्यानं जेवायचं. बुवा 'पुरे' म्हणेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मांजर तेवढी जाऊन बसायची, कारण तिचं शास्त्र कच्चं होतं.

एकदा थोरल्याच्या हातून तीर्थाची पळी सांडली. पडवीत बसून त्यानं भात कसा गिळला, ते धाकटीनं दाराच्या फटीतून पाहिलं. त्या दिवशी ती एक गोष्ट पक्की शिकली. पळी जपून धरावी, ही नव्हे. सांडलं तर कुणी बघायच्या आत पुसून टाकावं, ही.

देवघरात एक शाळिग्राम होता. काळाभोर, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा दगड, पण पिढ्यान्‌पिढ्या देव म्हणून पुजलेला. धाकटीला कधीपासून वाटायचं, लंगडीच्या घरांत सरकवायला याच्यासारखी ठिकरी त्रिभुवनात मिळायची नाही. एका दुपारी सगळं घर पेंगत असताना तिनं देवाला ओच्यात घातलं, ओढ्याच्या कातळावर कोळशानं घरं आखली आणि लंगडी घालत खेळायला लागली. देव काय सुरेख सरकला. पहिल्या घरातून दुसऱ्या घरात, आणि तिथून थेट डोहात.

ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली, चाचपून थकली, रडून थकली. पण ओढ्याला काळ्या गोट्यांचा काय तोटा? त्यातलाच एक तिनं उचलला, परकराला पुसला आणि देवाच्या जागी नेऊन ठेवला.

संध्याकाळी बुवांनी त्या गोट्याला गंध लावलं, तुळस वाहिली, डोळे मिटून घेतले. कुणाला काही कळलं नाही. तुम्हाला हसू आलं असेल, तर धाकटीलाही क्षणभर आलं होतं. मग तिनं हात जोडले आणि तिला कळलं, की समोर कुणीच नाही. सगळ्या घराला देव होता. तिला एकटीलाच नव्हता.

पूर्वी ती देवाला काहीबाही सांगत बसायची. कुणी खेळायला घेतलं नाही, दात कसा हलतो, वासराचं नाव काय ठेवावं. आता सांगायचं कुणाला? गोट्याशी बोलायला जीभ वळेना. आईच्या कुशीत शिरावं, तर आई विचारील. भावाशी भांडावं, तर रागाच्या भरात तोंडून निघून जाईल. तिला कुणी पडवीत बसवलं नव्हतं. पण ती जिथं बसेल तिथं पडवीच होत होती.

गप्प झालेली पोर बुवांना मात्र फार आवडली. "बघा," ते शेजाऱ्यांना सांगत, "पानाचा धाक असा असतो. हल्ली आमच्या घरात चूकच होत नाही."

एका द्वादशीला त्यांनी तिला देवापुढच्या पाटावर बसवलं. घरात कुठल्याच मुलीला मिळाला नव्हता असा तो मान. "शहाणी झालीस," ते म्हणाले. "आज अभिषेक तू कर."

धाकटीनं तांब्या कलता केला. पाणी काठापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं.

"घाल की."

"अप्पा, हा आपला नाही."

"कोण आपला नाही?"

"देव. आपला डोहात आहे. मी ठिकरी खेळत होते. हा ओढ्यातला गोटा आहे."

बुवांनी गोटा उचलून डोळ्यांजवळ धरला. मग मान न वळवता म्हणाले, "हिचं पान पडवीत."

धाकटी पडवीत जाऊन बसली. आईनं वरणभात वाढला. मीठ वाढायचं राहिलं होतं. पण पोरीला ते मागावं लागलं नाही, डोळ्यांतूनच पुष्कळ पडत होतं.

आत बाकीचे बसले. आई वाढता वाढता थांबली, आपलं पान घेतलं आणि दाराकडे चालू लागली.

"तू कुठं?" बुवांनी विचारलं.

"माझंही तिकडंच आहे. नैवेद्याचं दूध माझ्या हातून उतू गेलं होतं. मांजरीनं प्यायलं म्हणून सांगितलं. तिचा बिचारीचा काही संबंध नाही."

थोरला उठला. "मी ओढ्यावर संध्या करायला जातो ना, तिथं मासे बघत बसतो."

"म्हणजे संध्या करत नाहीस?"

"करतो. मासे गेल्यावर."

मग भिंतीला धरून आजोबा उठले.

"तात्या, तुम्ही तरी बसा."

"मला दिसत नाही रे आताशा. पोथीतलं पाठ आहे तेवढं म्हणतो, उरलेलं मनचं घालतो. म्हटलं, सांगितलं तर पोथी काढून घेशील."

"अहो, मी रोज ऐकतो ती पोथी."

"ऐकतोस कसला, मान डोलावतोस," आजोबा म्हणाले आणि चाचपडत बाहेर गेले.

पडवीत दाटी झाली. गुडघ्याला गुडघा लागला. आजोबांनी बुवांसारखी मान डोलावून दाखवली, तेव्हा आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. धाकटीनं फटीतून आत पाहिलं. एवढ्या मोठ्या माजघरात अप्पा एकटे होते. हातातला घास तोंडापर्यंत जात होता आणि परत पानात येत होता.

"अप्पा," तिनं हाक मारली, "इकडं या की. आम्ही सरकतो."

बुवा पान घेऊन दारात आले. आजोबा म्हणाले, "चूक सांगितल्याशिवाय इथं बसायला मिळत नाही."

बुवांनी पान खाली ठेवलं. "लपवायला तुम्हाला मीच शिकवलं," ते म्हणाले. "चालेल एवढी?"

"भरपूर झाली. बस."

हात धुताना बुवांनी धाकटीला विचारलं, "आता काय करायचं, तूच सांग."

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "शोधायचा."

"आणि नाही सापडला तर?"

"तर जागा रिकामी ठेवायची. खोटं ठेवायचं नाही."

दोघं डोहात उतरले. बुवा धोतर खोचून बुडी मारत आणि एकेक गोटा वर काढून विचारत, "हा का गं?" जन्मभर ज्याची पूजा केली तो त्यांनाच ओळखता येईना. धाकटी हसली नाही, हे तिचे उपकार. उन्हं उतरली, तरी देव काही सापडला नाही.

त्या संध्याकाळी रिकाम्या जागेपुढे आरती झाली. धाकटीनं हात जोडले. समोर काहीच नव्हतं, आणि किती दिवसांनी तिला वाटलं, की समोर कुणीतरी आहे. कापूर विझला, घरचे उठून गेले, तरी ती कुजबुजत बसली होती. सांगायचं बरंच साठलं होतं.

पुढं त्या घरात चुका झाल्याच, चांगल्या भरपूर झाल्या. पण पडवीत पुन्हा कुणाचं पान मांडलं गेलं नाही. तिथं भोपळे ठेवू लागले.

तात्पर्य: चुकलेल्या लेकराला एकटं पाडलं तर ते चूक लपवायला शिकतं, आणि जवळ बसवलं तर ती निस्तरायला शिकतं.