दम कुणाचा तुटला?

"मग मी आणखी काय करायला हवं होतं, वस्ताद?"

इंद्रजितनं हे तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल वस्ताद मैदानातले खडे वेचत होते. ऐंशीच्या घरातला म्हातारा, कानानं अधू, पण रोज सकाळी खडे वेचल्याशिवाय पोरांना मातीत उतरू देत नसे.

इंद्रजित आता कबड्डीच्या एका मोठ्या संघाचा मालक होता. खेळायला शिकला होता तो याच मातीत.

"बोल की. ऐकतोय."

पुन्हा पहिल्यापासून सांगणं आलं. इंद्रजितनं सांगितलं.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या संघातला सुयोग नावाचा गडी वजनकाट्यावरच कोसळला. स्पर्धेच्या ठरलेल्या वजनात बसावा म्हणून प्रशिक्षकानं, सदानं, त्याला दोन दिवस पाण्याचा घोट दिला नव्हता. वर भर उन्हात पळवलं. पोराची मूत्रपिंडं गेली. इंद्रजितनं त्याच संध्याकाळी सदाला काढून टाकलं, पत्रकारांना स्वतः बोलावलं, चौकशीही स्वतःच मागितली. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. मालक असावा तर असा! नव्या क्रीडासंकुलाला त्याचं नाव द्यायचं घाटत होतं.

"उद्या चौकशी समितीपुढं माझी साक्ष आहे."

"बरं."

"सगळं नीट केलं, तरी झोप लागत नाही. असं का?"

वस्तादांनी एक खडा निरखून पाहिला आणि कुंपणाबाहेर फेकला.

"सदा येतो हितं. रोज."

सदाही याच मैदानाचा गडी, त्याच्याच जोडीचा.

"काय... काय म्हणतो?"

"काय न्हाई. दुपारचा येऊन त्या लिंबाखाली बसतो. सांजंला जातो."

काहीच नाही? इंद्रजितला काही सुधरेना. हायसं वाटायला हवं होतं, ते वाटेना.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मधल्या रेषेपलीकडं जाऊन उभे राहिले.

"चढाई कर."

"आता? वस्ताद, पंचावन्न वर्षांचा झालोय मी."

"मी ऐंशीचा. ये."

आलिया भोगासी म्हणत त्यानं बूट काढले. कबड्डी, कबड्डी म्हणत तो आत शिरला, वस्तादांच्या खांद्याला हात लावला आणि मागं फिरला. पोट सुटलेलं, छाती भरून आलेली. रेषा दोन पावलांवर असताना त्यानं हळूच एक श्वास घेतला, कबड्डी पुन्हा चालू केलं आणि रेषा ओलांडली.

"सुटलो!"

वस्ताद तसेच उभे.

"सुटलो ना, वस्ताद?"

"मला काय इचारतोस? मला ऐकू येतंय व्हय? आन हितं पंच कधी हुता?"

खरंच, या मैदानावर पंच कधीच नव्हता. दम तुटला की ज्याचा त्यानं हात वर करायचा आणि लिंबाखाली जाऊन बसायचं. शाळकरी वयात त्यानं कितीदा तरी तो हात वर केला होता. तेव्हा त्याचं काहीच वाटत नसे. आज एवढ्याशा श्वासासाठी हात जड झाला, आणि तोही एका बहिऱ्या म्हाताऱ्यासमोर! त्याची त्यालाच लाज वाटली.

त्यानं हात वर केला. लिंबाखाली जाऊन बसला.

वस्ताद पुन्हा खडे वेचायला लागले.

ऊन चढलं. त्याला ऊठ म्हणायला कुणी आलं नाही.

"वस्ताद..." तो मोठ्यानं म्हणाला. "सुयोग कोसळायच्या दोन दिवस आधी मी सदाला फोन केला होता. तो म्हणाला, पोराचं वजन बसत नाही, राहू दे. मी म्हणालो, काय वाटेल ते कर, मला तो परवा मैदानात पाहिजे."

वस्तादांचा हात थांबला.

"सदानं हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. का सांगत नाही, कळत नाही मला."

वस्तादांनी आणखी एक खडा उचलला.

"उद्या मी सांगितलं तर संघ जाईल. नाव जाईल. सगळ्या गावात मी कायमचा बाद."

"बाद झालेला गडी परत येतो की. आपल्यांनी गुण मिळवला की येतो."

"आणि कुणी आणलंच नाही परत, तर?"

वस्तादांनी मुठीतले खडे खाली टाकले.

"तर बसायचं," ते म्हणाले. "सदा एकलाच बसतो रोज. सोबत हुईल."