शेक घेतलेली आई

"मग सगळे बाहेर का पळतात, बाबा?"

म्हातारा फकीर दर्ग्याच्या ओट्यावर लसूण सोलत होता. त्यानं मान वर केली नाही.

"कोण पळतं?"

"दवाखान्यातले. पोटाला किरणांचा शेक द्यायचा म्हणून मला मशीनखाली निजवतात. पोटावर शाईच्या खुणा केल्यात, त्या जुळवून बघतात. हलू नको म्हणतात. अन् मग सगळेच बाहेर! हे एवढं जाड दार लावून घेतात."

"आत कोण राहतं?"

"मी एकटी."

वैजंताच्या जठरात कॅन्सरची गाठ होती. शेक सुरू झाल्यापासून तिनं आपल्या पोरीला शिवलं नव्हतं. पोर आत्ता मावशीच्या कडेवर, पायरीखाली. आईकडे हात करून रडत होती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"घे म्हणतात लेकराला. मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही म्हणतात. पण मग स्वतः कशाला पळतात? माझ्यातून निघून पोरीच्या पोटात शिरलं तर?"

"म्हणून विटाळ पाळतेस."

"पाळते. माझी ताटवाटीसुद्धा वेगळी ठेवलीय."

फकिरानं लसणाची साल फुंकून उडवली.

"ओंजळ उन्हात धर."

"बाबा, सकाळपासून उपाशी आहे. शेकाला उपाशीपोटीच बोलावतात."

"उपाशी मीपण आहे. मला कुणी बोलावत नाही. धर."

तिनं ओट्यावर बसूनच हात पुढं केले. तळवे तापले. बोटं लाल झाली.

"आता चल."

तो तिला आतल्या खोलीत घेऊन गेला. दार लावलं. स्वतः बाहेर गेला नाही.

मिट्ट काळोख.

"ऊन आणलंस का?"

वैजंता ओंजळ घट्ट धरून उभी राहिली.

"ओंजळ बघ. उजेड पडलाय?"

"नाही, बाबा. माझे हातच दिसत नाहीत."

"वाटेत सांडलं असेल."

वैजंता हसली. हसली, अन् तिचं तिलाच नवल वाटलं.

मग तिनं तळवे गालांना लावले.

"काहीच नाही आलं बाबा आत... नुसती ऊब आहे हाताला."

बाहेर पोरीनं टाहो फोडला. मावशी तिला उगी-उगी करत होती, पण पोर ऐकेना.

फकिरानं दार उघडलं.

"जा. निवायच्या आत दे तिला."