टिंबूचा शंख आणि झोपलेली लाट

समुद्र मोठ्ठा. वाळू पुष्कळ. आणि वाळूवर एक खेकडा, तुझ्या करंगळीच्या नखाएवढा.

त्याचं नाव टिंबू. टिंबूची पाठ मऊ मऊ. म्हणून तो शंखात राहायचा. जाईल तिथे घर पाठीवर. तुरु तुरु, तुरु तुरु.

रोज संध्याकाळी टिंबू वाळूवर रांगोळी काढायचा. पायाने ठिपके, ठिपके, ठिपके. बाबीकाका तिथेच जाळं सांधत बसायचे. रांगोळी बघून म्हणायचे, "खेकड्यान रांगोळी काढली. आता पाणी चढतला."

आणि पाणी चढायचं.

एकदा काय झालं, शंखात वाळू शिरली. टिंबूला गुदगुल्या झाल्या. तो बाहेर आला. शेजारी एक पांढरा, सपाट दगड होता. त्यावर त्याने शंख वाळत ठेवला.

पण तो दगड नव्हताच. ती होती वाडीतल्या दुर्वाताईची फळी, लाटेवर उभं राहून घसरायची. आता दगड कुठला नि फळी कुठली, कळू नये? पण टिंबूने कधी फळी पाहिलीच नव्हती, बिचारा.

फळीला लावलं होतं मेण, पाय घसरू नये म्हणून. शंख बसला चिकटून. दुर्वाताई आली. तिने फळी उचलली. छपाक छपाक, गेली समुद्रात. शंखही गेला.

टिंबू उघडा पडला. वर आकाशात घार फिरत होती. गोल गोल, गोल गोल. तिने पाहिलं तर? टिंबूला फार भीती वाटली. तो नारळाच्या केसाळ सोडणाखाली लपला आणि थोडं रडला.

रडून का शंख मिळतो? मग तो निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु. पाण्यापाशी आला.

"दुर्वाताई, दुर्वाताई, परत ये.
तू आलीस तर शंख मिळेल.
शंख मिळाला तर मी निजेन."

दुर्वाताई दूर पाण्यात फळीवर बसली होती. डुलत होती. आज ती पहिल्यांदा फळीवर उभी राहणार होती.

ती म्हणाली, "लाट येवंदे, मगे येतंय."

टिंबू निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु. लाट झोपली होती, ओल्या वाळूवर गाल टेकून.

"लाटे, लाटे, ऊठ ना.
तू उठलीस तर ताई येईल.
ताई आली तर शंख मिळेल.
शंख मिळाला तर मी निजेन."

लाटेने जांभई दिली. फस्सss. "पाणी केवढंसं. उठू कशी? भरती येऊ दे, मग उठते."

टिंबू निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु. भरती बसली होती खडकांच्या पलीकडे, पेंगत.

"भरती, भरती, आत ये.
तू आलीस तर लाट उठेल.
लाट उठली तर ताई येईल.
ताई आली तर शंख मिळेल.
शंख मिळाला तर मी निजेन."

भरती म्हणाली, "मी एकटी नाही येत. चांदोबा येऊ दे, मग येते."

टिंबू निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु. वाळू संपली. माड आले. माडांच्या मागे चांदोबा होता, गोल गोल, पुनवेचा.

"चांदोबा, चांदोबा, वर ये.
तू आलास तर भरती येईल.
भरती आली तर लाट उठेल.
लाट उठली तर ताई येईल.
ताई आली तर शंख मिळेल.
शंख मिळाला तर मी निजेन."

चांदोबा झावळीआडून म्हणाला, "सूर्यदादासमोर मला लाज वाटते. सूर्यदादा जाऊ दे, मग येतो."

तेवढ्यात पाण्यातून दुर्वाताईने हाक मारली, "काका, लाट कधी येतली?"

बाबीकाकांनी वाळूकडे पाहिलं. वाळू कोरी होती. त्यांनी डोकं खाजवलं. "खेकड्यान रांगोळी काढूक नाय गो. मगे लाट येतली कशी?"

दुर्वाताई बसून राहिली. घार फिरत राहिली. संध्याकाळ काही संपेना.

टिंबू निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु. पाय दुखले. पाठ गारठली. सूर्य होता समुद्राच्या टोकाला, केशरी केशरी.

"सूर्यदादा, सूर्यदादा, खाली जा.
तू गेलास तर चांदोबा येईल.
चांदोबा आला तर भरती येईल.
भरती आली तर लाट उठेल.
लाट उठली तर ताई येईल.
ताई आली तर शंख मिळेल.
शंख मिळाला तर मी निजेन."

सूर्य म्हणाला, "मी केव्हाचा थांबलोय. रोज तुझी रांगोळी बघतो आणि मग जातो. आज रांगोळी कुठाय? रांगोळी काढ, मग जातो."

अगंबाई. म्हणजे सगळे टिंबूसाठीच थांबले होते, आणि टिंबूला पत्ताच नाही.

टिंबू हळूच म्हणाला, "रांगोळी उघड्यावर काढायची असते. माझी पाठ उघडी आहे. घार बघेल."

"घारीचं माझ्याकडे लागलं," सूर्य म्हणाला. आणि त्याने घारीच्या डोळ्यांत केशरी ऊन टाकलं. घारीला काही दिसेना. ती गेली उडत, दूर डोंगराकडे.

मग टिंबूने रांगोळी काढली. ठिपका, ठिपका, ठिपका. एक गोल. गोलाभोवती पाकळ्या. मधोमध त्याने एक शंख काढला. ठिपक्यांच्या शंखात काही राहता येत नाही. पण बघून त्याला जरा बरं वाटलं.

सूर्याने रांगोळी पाहिली. पुन्हा पाहिली. "छान," म्हणाला.

मग?

मग सूर्य गेला. डुबुक.
सूर्य गेला, चांदोबा आला. हळू हळू, माडावर.
चांदोबा आला, भरती आली. झुळुक झुळुक, खडकांवरून.
भरती आली, लाट उठली. सूंsss करत, चांदणं डोक्यावर घेऊन.

बाबीकाका उभे राहिले. "खेकड्यान रांगोळी काढली! दुर्वा, पाणी चढला गो. तयार रव."

लाट उठली, ताई निघाली. एक पाय टेकला. दुसरा पाय टेकला. डगमग, डगमग. आणि दुर्वाताई उभी राहिली. लाटेवर उभी राहिली. अशी आली, अशी आली, थेट वाळूपर्यंत.

तिला इतका आनंद झाला की ती नुसतीच हसत बसली. मग तिला फळीवर काहीतरी दिसलं. टोकाशी, मेणात चिकटलेलं. तिने ते अलगद सोडवलं. वाळूवर ठेवलं.

"हो तुझो काय रे?" तिने विचारलं.

टिंबू वळला, आणि मागच्या मागे शिरला शंखात. सुळुक. पाठ झाकली. आत ऊब होती. आत समुद्राचा आवाज होता, अगदी बारीक.

लाट पुन्हा आली. तिने रांगोळी पुसून टाकली. पाकळ्या गेल्या. ठिपक्यांचा शंखही गेला. टिंबूने एक डोळा बाहेर काढून पाहिलं. त्याला थोडं वाईट वाटलं.

"उद्या पुन्हा काढीन," तो म्हणाला. "सूर्यदादा वाट बघेल ना."

सूर्य गेला, चांदोबा आला.
चांदोबा आला, भरती आली.
भरती आली, लाट उठली.
लाट उठली, ताई आली.
ताई आली, शंख मिळाला.
शंख मिळाला, टिंबू निजला.

आता राहिलं कोण?

ये, तूही शीर पांघरुणात. मागच्या मागे, सुळुक. पाठ झाकली? झाकली. मग नीज.