बिघडलेल्या तारा

ज्यांनी ज्ञानाचा दरवाजा बंद ठेवला आणि त्या दरवाजाचं सुंदर चित्र मात्र विकायला काढलं, त्यांनी एका अख्ख्या पिढीला फसवलं आहे. ते चित्र विकत घेऊन भिंतीवर टांगणारे आणि 'आम्ही आत जाऊन आलो' असं सांगणारेही त्या फसवणुकीत सामील आहेत. मला दोघांचाही राग येतो. म्हणून ही गोष्ट.

एकदा एक तरुण दंतवैद्य मुलगी असंच एक चित्र विकत घ्यायला निघाली होती. तिचं नाव इरावती. वाकडे दात सरळ करण्याचं शास्त्र, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्स, शिकायचं, हा तिचा ध्यास. परदेशातल्या रेसिडेन्सीला, म्हणजे त्या विषयातला तज्ज्ञ होण्याच्या प्रशिक्षणाला, तिने केलेला अर्ज नाकारला गेला होता. 'अनुभव अपुरा', एवढंच उत्तर आलं होतं. पुढच्या अर्जाआधी हाताशी एक वर्ष होतं आणि समोर होती एका नामांकित संस्थेची ऑर्थोडॉन्टिक्सची वर्षभराची फेलोशिप. तिथे पगार मिळत नव्हता. उलट आपणच फी भरायची, आणि तीही एवढी, की वडिलांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेली पुंजी पुढे केली होती. पुन्हा नकार आला असता, तर ती पुंजीही गेली असती आणि वर्षही.

इरावती आपल्या जुन्या गुरूंकडे गेली. ते वयोवृद्ध होते; सगळे त्यांना आप्पासर म्हणत. दवाखान्याच्या खिडकीपाशी बसून ते दातांवर बसवायची एक बारीक तार पकडीने वळवत होते.

"सर, फेलोशिप करू की नको? शनिवारी प्रवेश बंद होतोय."

आप्पासरांनी मान वर केली नाही. "तिथे जाऊन ये. त्यांच्या सरावाच्या खोलीत कचऱ्याचा डबा असेल. त्यात काय पडलंय, ते बघ आणि मला सांग."

"सर, मी फेलोशिपचं विचारतेय. कचऱ्याच्या गाडीवरच्या नोकरीचं नाही!"

"मीही फेलोशिपचंच सांगतोय. आणि तारेवर सावली पडतेय, जरा बाजूला हो."

ती धुसफुसतच निघाली. म्हातारपणी माणसं विक्षिप्त होतात, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण गेली.

संस्था देखणी होती. काचेच्या भिंतींवर परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांचे हसरे फोटो होते. समन्वयकांनी गोड बोलून सगळीकडे फिरवलं. सरावाच्या खोलीत शिरताच इरावतीने चप्पल नीट करण्याचं निमित्त केलं आणि डब्यात डोकावून पाहिलं. कारखान्यातून आकार देऊनच येणाऱ्या तारांची रिकामी वेष्टनं होती. कॉफीचे कागदी पेले होते. बाकी काही नव्हतं. शेजारी बसलेल्या एका फेलोला तिने हळूच विचारलं, "तुम्ही दिवसभर काय करता?"

"पेशंटचे फोटो काढतो, फायली लावतो. तार आमचे सर बसवतात," तो मोकळेपणाने म्हणाला. "टेन्शन नाही. छान जातं वर्ष."

ती परतली तेव्हा तिचा राग मावळला होता. त्याच्या जागी कोडं उरलं होतं. डब्यात पाहिलेलं तिने सगळं सांगितलं. आप्पासरांनी पकड खाली ठेवली.

"तयार तार वाईट नसते, इरा. मीही वापरतो. पण शिकणाऱ्याचा हात आधी चुकतोच. तार जास्त वळते, वळसा तिरका पडतो, तुटते. ती बिघडलेली तार कुठेतरी टाकावी लागते. म्हणून जिथे शिष्य घडतात, तिथला डबा तारांनी भरलेला असतो. जिथे नुसती वेष्टनं सापडतात, तिथे शिष्य बाजूला उभे असतात. फी घेतली म्हणून संस्था खोटी ठरत नाही आणि फी भरली म्हणून तू शिकलीस असंही होत नाही. तुला चुकायला जागा मिळणार का, चुकलीस तर शेजारी कुणी उभं राहणार का, आणि रुग्ण तुझ्या हाती सोपवणार का, एवढंच विचार. होकार मिळाला, तर वर्ष सार्थकी लागेल. नाहीतर ते वर्ष घरी बसून अभ्यासात घालव, वडिलांचे पैसे तरी वाचतील."

"म्हणजे फेलोशिप नकोच?"

"असं मी कुठे म्हटलं? जगात एकच डबा आहे का?"

इरावती शोधत राहिली. तो शनिवार उलटून गेला. तिने उलटू दिला. अखेर एका लहान शहरातल्या दंत महाविद्यालयात ती पोहोचली. फी इथेही होती. तिथल्या प्रमुख बाई एका फेलोने वळवलेली तार उजेडाकडे धरून बघत होत्या. त्यांनी ती कट्कन तोडली आणि डब्यात टाकली. डबा तारांच्या तुकड्यांनी काठोकाठ भरलेला होता.

"ही पेशंटच्या तोंडात गेली असती, तर शिव्या मला बसल्या असत्या. परत कर. अंगठा इथे ठेव, असा."

बाई पुढे गेल्यावर इरावतीने त्या फेलोला विचारलं, "रोज असंच?"

"आज बऱ्या आहेत. काल तारेबरोबर मलाही टाकणार होत्या!" तो हसला. "पण माझे पेशंट माझेच असतात. पहिल्या दिवसापासून मीच बघतो. बाई मागे उभ्या असतात."

इरावतीने त्याच दिवशी प्रवेश घेतला. वर्षभर तिने तारा बिघडवल्या, बोलणी खाल्ली, पुन्हा वळवल्या. मग रेसिडेन्सीची मुलाखत आली. परीक्षकांनी प्रमाणपत्र बाजूला सारलं आणि तिच्यासमोर सरळ तार व पकड ठेवली. तिने वळवलेली तार काचेवर ठेवून एकाने बोटाने दाबून पाहिली. तार कुठेही डुगडुगली नाही. काचेला सपाट टेकून राहिली. परीक्षक एकमेकांकडे बघून हसले.

आपल्या प्रत्येकाच्या दाराशी कुठली ना कुठली फेलोशिप उभी असते. तिची चौकट बघू नका. तिथे तुमच्या हातून काय घडणार आहे, ते बघा.

निवड झाल्याचा फोन आला तेव्हा इरावती त्या महाविद्यालयातच काम करत होती. समोरच्या खुर्चीत मुलींची लग्नं उरकल्यावर स्वतःचे दात सरळ करायला आलेल्या एक बाई होत्या. त्या पहिल्या संस्थेची गोष्ट इरावतीने त्यांना तार बसवताना कधीतरी सांगितली होती. इरावती आनंदाने किंचाळली. विभागातले सगळे धावत आले, प्रमुख बाईंनी तिची पाठ थोपटली, पेढे मागवले गेले. खुर्चीतल्या बाईंचे ओठ उघडे धरायला अडकवलेली प्लास्टिकची चौकट काढायचं कुणाला भानच उरलं नाही. अखेर इरावतीने ती काढली. त्या बाईंनी जबडा हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, खुशाल जा परदेशी, नाव काढा. पण माझे दात तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी हाती देऊन जा. फोटो काढणाऱ्याच्या नको."