गेनूची धूरपरीक्षा

एका गावात गेनू नावाचा एक भोळा ड्रायव्हर होता. मामाची जुनी डिझेल जीप तो चालवायचा. सांगाल ते अगदी सांगाल तसं करायचा, हाच त्याच्या आईच्या डोक्याला ताप होता. त्याचं लग्न जमता जमत नव्हतं. अखेर शेजारगावच्या रावजी आप्पांच्या हौसाचं स्थळ आलं. बघण्याच्या कार्यक्रमात गेनूनं शहाण्यासारखं वागावं, एवढंच आई देवाकडे मागत होती. बिचारीनं देवाला भलतंच अवघड काम लावलं होतं.

त्याच आठवड्यात जीप धूर टाकू लागली. मागून नाही, बॉनेटखालच्या एका रबरी नळीतून. गेनूनं नळीत चिंधी कोंबली. धूर थांबला. गेनू खूश झाला. तेवढ्यात ऑइल मोजायची सळई फटकन उडाली आणि काळं तेल मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावर आलं.

मामानं त्याला कान धरून रमजान मिस्त्रीकडे नेलं.

"आरं, इंजिनाला बी श्वास लागतो," मिस्त्री म्हणाला. "धूर निघायची वाट कधी बुजवायची न्हाई. मोकळी ठेवायची."

"बरं. ध्यानात ठेवतो," गेनू म्हणाला.

घरी जाताना वाटेत धर्मा कोळसेवाल्याची भट्टी लागली. लाकडं रचून वरून मातीनं लिंपलेली, आणि एका फटीतून बारीक धूर येत होता. गेनूला भट्टीची दया आली. त्यानं फावड्यानं सगळी माती ओढून काढली. भट्टीनं असा श्वास घेतला, की कोळशाच्या जागी नुसती राख उरली. धर्मानं गेनूला पिटाळत पिटाळत मिस्त्रीच्या दारात आणून सोडलं.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "आरं बाबा, आधी तपासायचं, मग हात लावायचा. हे बघ."

त्यानं दुरुस्तीला ठेवून घेतलेली जीप चालू केली, इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढलं आणि त्याच तोंडावर उलटं ठेवलं.

"झाकण गप पडलं तर इंजिन धडधाकट. नाचाय लागलं तर आतनं झिजलंय. पिस्टनला नव्या रिंगा टाकाव्या लागत्यात."

झाकण गप पडलं. म्हाताऱ्या गाडीला एवढा धूर चालायचाच, म्हणून मिस्त्रीनं नळी साफ करून दिली.

"बरं. ध्यानात ठेवतो," गेनू म्हणाला.

मुलगी बघायला निघाले त्या सकाळी थंडी मी म्हणत होती. आप्पांच्या ओसरीवर गेनू बसला आणि त्याच्या तोंडातून वाफ निघू लागली. गेनूच्या मते तो धूरच. त्यानं तोंड सताड उघडं ठेवलं.

"गेनू, त्वांड मिट," आई कुजबुजली.

"नगं. सळई उडंल."

आत चुलीवर चहा उकळत होता. पातेल्यावरची ताटली थडथडू लागली. गेनूनं दारातून वाकून बघितलं.

"चूल आतनं झिजलीया," तो म्हणाला.

सगळे हसले. पोरगा गमत्या आहे, असं आप्पांना वाटलं. आईचा जीव भांड्यात पडला.

हौसा पोहे घेऊन आली. गेनूला ती फार आवडली. तीही त्याच्याकडे चोरून बघून हसली. मामानं आईला डोळ्यांनीच खूण केली. आता सुपारी फोडायचीच काय ती बाकी होती. आप्पा खुशीत आले आणि त्यांनी बिडी पेटवली. नाकातून धूर निघाला.

गेनू सावरून बसला. आधी तपासायचं, हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं. तो उठला, त्यानं आप्पांच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलली आणि त्यांच्या टकलावर उलटी ठेवली.

आप्पांना ठसका लागला. रागानं तो आणखी वाढला. टोपी टकलावर थयथय नाचू लागली.

गेनूनं एकदा हौसाकडे बघितलं, एकदा टोपीकडे बघितलं, आणि जड मनानं आईकडे वळला.

"आई, पोरगी लई झ्याक हाय. पर हितं सोयरीक नगं. चूल तर गेलीच हाय, आन् सासऱ्याच्या बी रिंगा खलास झाल्यात."